पेपरातल्या छोट्या जाहिराती : काय गेलं, काय उरलं आणि जाहीर नोटीस कशी वाचायची

"विकणे आहे. ट्रॅक्टर, एकहाती, कागदपत्रे क्लीअर, टायर नवीन. रावेर. सायं. ६ नंतर फोन करावा."

ही जाहिरात मी नमुन्यासाठी आत्ताच जुळवली. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारात घरी येणारा कुठलाही पेपर उघडला, की आतल्या पानावर अशा जाहिरातींची रांग लागलेली असायची. मोजून चौदा शब्द, आणि त्यातला एकही वाया गेलेला नाही. 'एकहाती' म्हणजे गाडी एकाच मालकानं वापरलेली, भाड्यानं फिरवलेली नाही. 'कागदपत्रे क्लीअर' म्हणजे फायनान्सचा बोजा नाही. 'सायं. ६ नंतर' म्हणजे मालक दिवसभर केळीच्या बागेत असतो, घरच्या फोनवर दिवसा भेटणार नाही. किंमत मुद्दाम लिहिलेली नाही, कारण ती ट्रॅक्टरशेजारी उभं राहून ठरायची.

अशा जाहिराती आता जवळजवळ गेल्या. त्याच पानावरच्या जाहीर नोटिसा मात्र टिकून आहेत. असं का झालं, हे समजायला या जाहिरातींचा हिशोब आधी बघावा लागतो.

शब्दाला पैसे

पेपरातल्या जाहिरातींच्या ढोबळ तीन जाती. पहिली मोठी, चौकटीतली, चित्रांची. दिवाळीत सराफ बाजाराच्या येतात त्या. ती 'डिस्प्ले'. दुसरी नुसत्या मजकुराची, इतर मजकुरासारख्याच टायपात एकाखाली एक लावलेली. ही खरी छोटी जाहिरात. तिचे पैसे शब्दावर किंवा ओळीवर लागतात. तिसरी दोन्हींच्या मधली, छोट्या जाहिरातींच्या पानावरच पण चौकटीत बसवलेली. तिला 'क्लासिफाईड डिस्प्ले' म्हणतात आणि तिचे पैसे जागेवर. रुंदी गुणिले उंची, म्हणजे समजा चार सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच असेल तर वीस चौरस सेंटिमीटर, गुणिले त्या आवृत्तीचा दर. त्यावर पाच टक्के जीएसटी.

मजकुराच्या जाहिरातीत ठरावीक शब्दांपर्यंत एक रक्कम असते, त्यापुढे प्रत्येक शब्दाला जादा. 'सायंकाळी'चं 'सायं.' होतं, 'संपर्क'चं 'सं.' होतं, 'विकायचा आहे' ऐवजी 'विकणे' एवढंच उरतं, ते यामुळे. ठळक अक्षर, रंग किंवा शेजारी बरोबरची खूण हवी असेल तर वेगळे पैसे. लागोपाठ काही दिवस छापली तर एखादा दिवस फुकट मिळतो. दर ठरतो आवृत्तीवर. फक्त जळगावची आवृत्ती घेतली तर कमी, धुळे-नंदुरबार जोडलं तर जास्त, नाशिकही हवं असेल तर आणखी जास्त.

आपण जाहिरात देतो ती बहुतेकदा पेपरच्या कचेरीत जाऊन नाही, तर एजंटाकडे. तालुक्याच्या ठिकाणी कोर्टाच्या किंवा तहसीलच्या आसपास झेरॉक्स, टायपिंग, स्टॅम्पपेपर आणि 'येथे सर्व पेपरच्या जाहिराती स्वीकारल्या जातील' ही पाटी एकाच टपरीत सापडते. एजंटाचं कमिशन पेपर देतो, रूढ दर पंधरा टक्के. तो मजकूर लिहून घेतो, शब्द मोजतो आणि पेपरला ऑर्डर पाठवतो. उद्या छापायचं असेल तर आज दुपारपर्यंत त्याच्या हातात हवं. छापण्याआधीचा नमुना मागून एकदा डोळ्यांखालून घाला, निदान गट नंबर आणि क्षेत्राचे आकडे तरी. चूक झाली तर पेपर साधारणपणे जाहिरात पुन्हा छापून देतो. पण १४२ चा १२४ झालेला तोपर्यंत गावभर गेलेला असतो.

या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे मथळे. पाहिजेत. विकणे आहे. भाड्याने देणे आहे. वधू पाहिजे, वर पाहिजे. हरवले आहे. आज फोनमध्ये शब्द टाकून आपण शोधतो, ते काम तेव्हा मथळा करायचा. भुसावळला बदलून आलेला रेल्वेचा माणूस सरळ 'भाड्याने देणे'वर बोट ठेवायचा, बाकी पान त्याच्यासाठी नव्हतंच. तरी जाता जाता नजर शेजारच्या रकान्यात जायचीच, आणि जे शोधत नव्हतो तेही कळायचं. या 'जाता जाता'कडे मी पुढे परत येणार आहे.

स्थळांच्या जाहिरातींत भाषा फार बघण्यासारखी असायची. घरात लेकीला 'आंडेर' म्हणणारा बाप पेपरात मात्र 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष सुकन्या' लिहायचा. अहिराणीत वाढलेली, लेवा बोलीत वाढलेली माणसं छापायची वेळ आली, की एकाच साच्याच्या प्रमाण मराठीत बोलायला लागायची. आपली बोली छापण्याच्या लायकीची नाही, हे कुणी न सांगता आपण मानून घेतलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. तो रकाना जातीजातीत वाटलेला असायचा, हेही तितकंच खरं. नाव उघड करायचं नसेल तर 'बॉक्स नंबर' घ्यायचा. उत्तरं पेपरच्या कचेरीत यायची आणि गठ्ठ्यानं घरी पोचायची. लेकीचं नाव चौकात न नेता शंभर गावांत निरोप पोचवण्याची ती एक अदबशीर सोय होती.

पेपरला या ओळींचा आधार का होता

भारतात १७८० साली कोलकात्यात हिकीचं पहिलं छापील वर्तमानपत्र निघालं, तेव्हापासून जाहिराती आहेत. लंडनचा 'टाइम्स' तर १९६६ च्या मे महिन्यापर्यंत आपल्या पहिल्या पानावर बातम्या न छापता छोट्या जाहिरातीच छापत होता. कोणाचं जहाज कधी सुटणार, कोणाला नोकर हवा, कोणाचं लग्न, कोणाचं निधन. वाचकाला रोज लागणारी माहिती ती हीच.

मोठी जाहिरात देणारा एक जरी नाराज झाला, तरी पेपरच्या महिन्याच्या हिशोबाला भगदाड पडतं. छोट्या जाहिराती देणारे हजारो असतात, एकेकाचे पैसे थोडे, आणि त्यांतला कोणीही बातमी दाबायला सांगू शकत नाही. शिवाय या जाहिरातींसाठी म्हणून लोक पेपर विकत घेतात. अमेरिकेत तर २००० च्या सुमाराला वर्तमानपत्रांच्या जाहिरात उत्पन्नातला सुमारे चाळीस टक्के वाटा छोट्या जाहिरातींचा होता, जवळपास वीस अब्ज डॉलर. आपल्याकडे सरकारी आणि मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर भर जास्त, त्यामुळे छोट्या गेल्याचा धक्का तिकडच्याइतका बसला नाही. पण दिशा तीच.

कोण कुठे गेलं

१९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क नावाच्या माणसानं ओळखीच्यांना ईमेलवर स्थानिक कार्यक्रमांची यादी पाठवायला सुरुवात केली. त्यातून 'क्रेगलिस्ट' झाली. बहुतेक जाहिराती फुकट. दोन संशोधकांनी हिशोब मांडला, की २००० ते २००७ या काळात जाहिरात देणाऱ्यांचे सुमारे पाच अब्ज डॉलर त्यामुळे वाचले. ते पैसे आधी वर्तमानपत्रांकडे जात होते.

आपल्याकडे नोकरीचा रकाना सगळ्यात आधी हलला. 'नोकरी डॉट कॉम' १९९७ मध्ये सुरू झाली. त्याच सुमाराला लग्नाच्या साइट आल्या, पुढच्या दहा-बारा वर्षांत जुन्या वस्तूंच्या 'ओएलएक्स' आणि 'क्विकर'. तरी पाचोऱ्याच्या किंवा शहाद्याच्या माणसाला हे सगळं बरेच दिवस लांबचं होतं. आमच्या भागात खरा फरक पडला तो २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. डेटा स्वस्त झाला आणि दोनेक वर्षांत ट्रॅक्टर, बैलजोडी, एन.ए. प्लॉट आणि केळीची रोपं, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. फोटो टाका, व्हिडिओ टाका, शब्द कितीही, पैसे शून्य, आणि विकलं गेलं की काढून टाका. चौदा शब्दांच्या जाहिरातीनं याच्यापुढे काय टिकायचं? हा बदल लोकांच्या भल्याचाच होता, असं मी म्हणेन. गरीब माणसाला दोन वेळा जाहिरात देणं परवडत नसे.

शाळांच्या 'पाहिजेत'चंही असंच. मे-जून आला, की शिक्षकांच्या जाहिरातींनी पान भरून जायचं, 'मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने मुलाखतीस हजर राहावे' या ठरलेल्या वाक्यासकट. २०१७ मध्ये राज्य सरकारनं 'पवित्र' पोर्टल आणलं आणि अनुदानित शाळांची भरती तिकडे वळली.

फसवणूकही माणसांबरोबर फोनवर गेली. आधी ती पेपरातच होती. 'तुमच्या शेतात मोबाइल टॉवर बसवा, लाखोंचं डिपॉझिट मिळवा' या जाहिरातींनी अनेकांना 'नोंदणी फी'पायी बुडवलं. खरं म्हणजे टॉवरसाठी ट्राय (दूरसंचार नियामक) किंवा दूरसंचार खातं जमीनमालकाला कसलंही ना-हरकत पत्र देत नाही आणि फीही घेत नाही. आता जुनी गाडी विकणाऱ्याला 'पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका' असा फोन येतो. पिन पैसे देण्यासाठी टाकावा लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फसलाच असाल तर लगेच १९३० वर फोन करा. पहिला तासाभरचा वेळ फार मोलाचा असतो.

प्रेस कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पेपरात छापलेल्या जाहिरातीची जबाबदारीही संपादकावर येते, आधी स्पष्ट हात झटकले नसतील तर. म्हणून पानाच्या तळाशी 'वाचकांनी खात्री करून व्यवहार करावा' ही बारीक ओळ असते. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं आणि गर्भलिंग निदानाच्या जाहिरातींवर १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे. फोनवरच्या ग्रुपला संपादक नसतो.

नोटीस पेपरातच का उरली

फोनवरची जाहिरात बदलता येते, पुसता येते, आणि ती मला दिसली म्हणून तुम्हाला दिसेल असं नाही. पेपरातली नोटीस एका ठरलेल्या तारखेला, एका ठरलेल्या पानावर, सगळ्यांना सारखी छापली जाते. नंतर कोणी तिचा शब्द बदलू शकत नाही. कात्रण कापून कोर्टाच्या फाईलला लावता येतं. खरेदीदार शोधायला फोन चांगला, पण 'मी सगळ्यांना कळवलं होतं' हे दाखवायचं असेल तर कागद लागतो.

कायद्यानं हे अनेक ठिकाणी लिहूनच ठेवलंय. प्रतिवादी समन्स घेत नसेल, सापडत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कोर्ट वर्तमानपत्रातून समन्स बजावू शकतं. तेही तो शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकातून. बँकेनं थकीत कर्जापोटी घर ताब्यात घेतलं, तर २००२ च्या नियमांनुसार सात दिवसांच्या आत दोन प्रमुख वर्तमानपत्रांत ताबा नोटीस छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. वारस दाखल्याचा अर्ज तर आपल्याकडे अजून मुंबई प्रांताच्या १८२७ सालच्या आठव्या नियमाखाली होतो, आणि त्यात 'कोणाची हरकत असल्यास' म्हणून पेपरात नोटीस निघते. जवळपास दोनशे वर्षांचा नियम, आणि त्यातली नोटीस आजही सकाळच्या चहाबरोबर आपल्या हातात येते.

सगळ्यात जास्त दिसते ती जमीन खरेदीची नोटीस. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक, तालुका यावल, जिल्हा जळगाव येथील गट नंबर तमुक ही मिळकत आमचे पक्षकार खरेदी करीत आहेत. सदर मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, बोजा, वारसा, ताबा वा अन्य हक्क असल्यास पंधरा दिवसांत लेखी पुराव्यासह कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.'

या शेवटच्या वाक्यानं माणसं घाबरतात, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. नोटीस वाचली नाही, पंधरा दिवस उलटले, म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. वारसाहक्क कायद्यानं मिळतो, वकिलाच्या नोटिशीनं तो संपत नाही. खाजगी खरेदीत अशी नोटीस दिलीच पाहिजे असंही साधारणपणे कायदा सांगत नाही. मग ती देतात कशाला? खरेदी करणाऱ्याला उद्या भांडण झालंच तर 'मी डोळे मिटून घेतलं नाही, पुरेशी चौकशी केली' हे दाखवता यावं म्हणून. कर्ज देणारी बँकही ती मागते. आणि खरोखर कोणाचा दावा असेल, तर पैसे जाण्याआधी तो बाहेर यावा म्हणून.

पण हरकत घ्यायची असेल तर वेळेत घेतलेली बरी. तोंडी नको. लेखी, सातबारा, फेरफार किंवा वंशावळ जोडून, स्पीड पोस्टानं किंवा हातोहात देऊन पोच घ्यायची. नुसत्या हरकतीच्या पत्रानं दस्त नोंदणी थांबत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम लागतो, हेही ध्यानात असू द्या. पण हरकत आल्यावरही ज्यानं खरेदी केली, त्याला पुढे 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. पत्राची खरी ताकद तिथे आहे.

आमच्या नात्यातली एक गोष्ट सांगतो. एका आत्याचं लग्न होऊन ती सुरतेला गेली, उधन्याकडे. खान्देशातल्या अर्ध्या घरांचं एक दार सुरतेत उघडतं, तसंच. वडिलांच्या पश्चात भावांनी शेत विकायला काढलं आणि जाहीर नोटीस दिली, ती आमच्या तालुक्यात कोणी घेत नाही अशा एका पेपरात. नियम मोडला असं म्हणता येणार नाही, कारण खाजगी नोटीस कुठल्या पेपरात द्यायची हे देणाराच ठरवतो. आत्याला कळलं दोन वर्षांनी. सातबारावर तिचं नाव चढलेलंच नव्हतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलंय. हक्क होता. पण तो मागायला कोर्टात जावं लागलं, आणि रक्षाबंधनाचं येणंजाणं तुटलं ते तुटलंच.

म्हणून नोटीस देणाऱ्याला माझी कळकळीची विनंती आहे. ज्या गावची जमीन, त्या गावात खरोखर येणाऱ्या पेपरात द्या. मुंबई-पुण्याच्या आवृत्तीच्या कोपऱ्यात दिलेली नोटीस यावलच्या शिवारात पोचत नाही. मजकुरात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि विकणाऱ्याचं पूर्ण नाव असू द्या. आणि ज्यांचा हक्क आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, त्या बहिणीला पेपरातून कशाला, फोन करूनच सांगा.

वाचणाऱ्यानं फक्त पेपरावर विसंबू नये. खरेदी झाल्यावर सातबाऱ्यावर नाव चढण्याआधी फेरफाराची नोटीस निघते, हितसंबंधितांना तलाठी कळवतो आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. पूर्वी ही नोटीस चावडीच्या भिंतीवर चिकटवलेली असायची, आणि बाहेरगावच्या माणसाला ती दिसणं शक्यच नव्हतं. आता महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं, की त्या गावचे प्रलंबित फेरफार सुरतेतून, पुण्यातून, कुठूनही बघता येतात. पैसे लागत नाहीत. महिन्यातून एकदा आपल्या गावचं पान उघडायला दोन मिनिटं पुरतात.

आणि 'जाता जाता'चं काय? ज्यानं पेपर बंद केला, त्याला आता नोटीस जाता जाताही दिसत नाही. ई-पेपर फुकट मिळाला, तरी त्याचं पान बहुधा चित्र असतं, गट नंबर टाकून ते शोधता येत नाही. आत्याच्या प्रकरणानंतर आमच्या भाऊबंदकीनं एक साधी सोय केली. गावात राहणारा जो कोणी पेपर घेतो, तो सकाळी नोटिसांच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. आपल्या शिवाराचं नाव असेल तर भोवती लाल गोल. ग्रुपमध्ये उधना, पिंपरी, नाशिक, सगळीकडची माणसं आहेत, आणि सासरी गेलेल्या सगळ्या लेकी मुद्दाम घेतल्या आहेत. परवा एका गोलावरून चुलतबहिणीचा पहाटे फोन आला. गट आपला वाटतोय, म्हणाली. सातबारा काढून बघितला तर बांधाला लागून शेजारचा निघाला. शेजाऱ्याची लेक धुळ्याला दिलेली आहे. फोटो तिलाही पाठवला.